रूपकाला तारीख असते : ‘कीचकवध’ वर्गात शिकवताना



राजकीय रूपक विद्यार्थ्यांना कसे वाचायला शिकवावे, आणि ते वाचताना त्यामागचा इतिहास केव्हा, किती आणि कोणत्या क्रमाने समोर ठेवावा, हा आजच्या स्मृतिव्याख्यानाचा विषय आहे. ‘रूपक’ हा शब्द मराठीत तीन अर्थांनी वापरला जातो, म्हणून आरंभीच त्याचा खुलासा करणे आवश्यक आहे. अलंकारशास्त्रात उपमेय आणि उपमान एकच आहेत असे सांगणे म्हणजे रूपक. नाट्यशास्त्रात तोच शब्द नाट्यप्रकारांना लावला जातो. आणि येथे अभिप्रेत असलेला तिसरा अर्थ असा की, एक संपूर्ण कथा सांगितली जाते, तिच्यातील माणसे आणि घटना आपापल्या जागी खऱ्या असतात, आणि तरीही त्या कथेच्या आडून दुसऱ्याच एका प्रसंगाविषयी बोलले जाते. मराठी घरांना ही रीत नवीन नाही. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण नेमके हेच सांगते. पण ही म्हण नीट पाहिली तर तिच्यात एक अट दडलेली दिसते : सून घरात आहे आणि तिच्या कानावर बोलणे जात आहे, हे ठाऊक असल्याशिवाय लेकीला उद्देशून केलेले बोलणे केवळ लेकीपुरतेच राहते. इतिहासाची पार्श्वभूमी म्हणजे दुसरे काय? बोलणे चालू असताना घरात कोण कोण होते, याची ती माहिती होय.

येथे एक भेद लक्षात ठेवावा लागतो. संत एकनाथांची भारुडेही रूपकेच आहेत. पण त्यांतील विंचू सोळाव्या शतकात जसा चावत होता तसाच आजही चावतो, कारण तो माणसाच्या विकारांचा विंचू आहे आणि विकारांना पंचांग लागत नाही. राजकीय रूपकाचे तसे नाही. ते एका विशिष्ट राजवटीत, विशिष्ट वर्षी, विशिष्ट प्रेक्षकांसमोर बोललेले असते. आध्यात्मिक रूपकाला काळ नसला तरी चालते. राजकीय रूपकाला तारीख असते. या व्याख्यानाचे सारे प्रतिपादन या एका वाक्याभोवती आहे.

त्यासाठी मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण घ्यावे लागते, आणि ते म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’. सांगलीत १८७२ साली जन्मलेले खाडिलकर हे ‘केसरी’त लोकमान्य टिळकांचे सहकारी होते आणि त्यांचे हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. १९०७ हे वर्ष सुरतेच्या नागरिकांनी विसरावे असे नाही. याच वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, अधिवेशन नागपूरहून हलवून सुरतेत भरवण्यात आले, आणि २६ व २७ डिसेंबर या दोन दिवसांत जहाल आणि मवाळ हे दोन पक्ष भर मंडपात एकमेकांपासून तुटले. जहाल म्हणजे केवळ अर्जविनंत्यांवर विश्वास न ठेवता बहिष्कार आणि स्वराज्य यांचा आग्रह धरणारे. मवाळ म्हणजे सनदशीर, म्हणजे कायद्याच्या चौकटीतील, मार्गाने क्रमाक्रमाने हक्क मिळवू पाहणारे. ज्या वादाचे सावट ‘कीचकवधा’वर आहे तो वाद सुरतेजवळच्या सचिनपासून अवघ्या काही मैलांवर उघड्यावर फुटला, आणि तरीही या परिसरातील मराठी विद्यार्थ्याला बहुधा दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाठ्यपुस्तकांत भेटतात : नाटक भाषेच्या तासाला आणि अधिवेशन इतिहासाच्या तासाला. हे दोन तास एकत्र कसे आणावेत?

पहिला मुद्दा असा की, कथा आधी कथा म्हणून पुरी वाचली पाहिजे. वर्गात बहुतेक वेळा उलटे घडते. शिक्षक फळ्यावर दोन रकाने आखतात, डावीकडे कीचक, द्रौपदी, युधिष्ठिर, भीम अशी नावे लिहितात, उजवीकडे लॉर्ड कर्झन, भारत, मवाळ, जहाल असे लिहितात, मध्ये बरोबरीचे चिन्ह काढतात आणि रूपक शिकवून झाले असे समजतात. विद्यार्थी तो तक्ता पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि नाटकाशी त्याचा संबंध संपतो. जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४५ सालच्या ‘ॲनिमल फार्म’ची जगभरच्या वर्गांत हीच गत होते, डुकरांची नावे रशियन नेत्यांशी जुळवली की पुस्तक संपले, असे मुलांना वाटू लागते. पण जी कथा स्वतःच्या पायांवर उभी नाही ती दुसऱ्या अर्थाचे ओझे कसे वाहणार?

म्हणून आधी महाभारतातील विराटपर्व. पांडवांच्या वनवासाचे तेरावे वर्ष अज्ञातवासाचे आहे, आणि या वर्षात ओळख उघड झाली तर पुन्हा बारा वर्षे वनवास भोगावा लागेल अशी अट आहे. युधिष्ठिर कंक नावाने विराट राजाचा द्यूतसभासद झाला आहे, भीम बल्लव नावाने मुदपाकखान्यात राबतो आहे आणि द्रौपदी सैरंध्री म्हणून राणी सुदेष्णेची वेणीफणी करते आहे. राणीचा भाऊ कीचक हा सेनापती आहे, त्याच्या बळावर विराटाचे राज्य टिकून आहे आणि त्यामुळे राजालाही त्याला आवर घालता येत नाही. सुदेष्णा सैरंध्रीला मद्य आणण्याच्या निमित्ताने कीचकाच्या घरी पाठवते, ती तेथून निसटून राजसभेत धावते, कीचक भर सभेत तिला लाथ मारतो, आणि कंक तिला धीर धरून अंतःपुरात जायला सांगतो. पुढे बल्लव कीचकाचा वध करतो. ही अट, ही लाथ आणि कंकाचे हे सांगणे विद्यार्थ्याच्या मनात पक्के बसले पाहिजे. अज्ञातवासाची अट ज्याला ठाऊक नाही, त्याला कंक केवळ भित्रा वाटेल. ज्याला ती ठाऊक आहे, त्याला कळेल की कंकाचा संयम हा भेकडपणा नसून दिलेल्या शब्दाचे आणि साऱ्या कुटुंबाच्या भवितव्याचे ओझे आहे. हा फरक पुढे इतिहासाकडे वळताना अत्यंत महत्त्वाचा ठरतो, कारण मवाळांच्या सनदशीर आग्रहाकडे पाहण्याची दृष्टी येथेच घडते.

दुसरा मुद्दा तारखांचा. कथा पुरी झाल्यावर इतिहास समोर ठेवावा, पण तो नावांच्या तक्त्याने नव्हे तर दिनदर्शिकेने. वर्गात एक दोरी बांधावी आणि तिच्यावर क्रमाने चिठ्ठ्या अडकवाव्यात. जानेवारी १८९९ : कर्झन व्हाइसरॉय म्हणून रुजू. जानेवारी १९०३ : दिल्ली दरबार. १९०४ : विद्यापीठांचा कायदा. फेब्रुवारी १९०५ : कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात सत्याचा आदर्श मुख्यतः पाश्चात्त्यांचा आहे असे सुचवणारे, भारतीयांच्या जिव्हारी लागलेले भाषण. १६ ऑक्टोबर १९०५ : बंगालची फाळणी अमलात. नोव्हेंबर १९०५ : कर्झन भारतातून रवाना. १९०७ : ‘कीचकवध’ रंगभूमीवर. डिसेंबर १९०७ : सुरत. जुलै १९०८ : टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा आणि पुढे मंडालेचा तुरुंग. डिसेंबर १९०९ : नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा खून. १९१० : नाटकावर बंदी. डिसेंबर १९११ : बंगालची फाळणी रद्द.

ही दोरी बोलू लागते. तिच्याकडे पाहताच चौकस विद्यार्थी विचारील : नाटक आले तेव्हा कर्झन देशात नव्हताच, मग गेलेल्या कीचकाचा वध कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर तक्ता देऊ शकत नाही, दोरी देते. कर्झन गेला होता, फाळणी गेली नव्हती. इंग्लंडात डिसेंबर १९०५ मध्ये उदारमतवादी पक्ष सत्तेवर आला होता आणि भारतमंत्री म्हणून जॉन मोर्ली यांच्याकडे मवाळांचे डोळे लागले होते, पण मोर्ली यांनी १९०६ मध्ये फाळणी ही पक्की झालेली गोष्ट आहे असे सांगून टाकले. आता विराट राजाकडे पुन्हा पाहावे. तो स्वभावाने वाईट नाही, अन्याय त्याला दिसतो, पण ज्याच्या बळावर राज्य चालते त्याला तो अडवत नाही. दूरचे सरकार मनाने भले असेल, पण त्या भलेपणाचा उपयोग काय, हा १९०७ मधला जळता प्रश्न होता आणि महाभारतातील विराटाने तो जणू आधीच मूर्त केला होता. खाडिलकरांचे कौशल्य नवी कथा रचण्यात नसून योग्य वेळी योग्य जुनी कथा उचलण्यात आहे.

दोरी दुसरीही शिस्त लावते : आधी घडलेले आणि नंतर घडलेले यांची गल्लत होऊ न देण्याची. संयम धरणारा कंक आणि सूड घेणारा बल्लव यांचा वाद म्हणजे सुरतेतील फूट, असे उत्तर विद्यार्थी सहज लिहून जातो, आणि ते ऐकायला सुबकही वाटते. पण नाटक आधीचे आहे आणि सुरत नंतरची. जे घडलेच नव्हते ते नाटककाराने कसे लिहिले असेल? मग सुरतेचा नाटकाशी काही संबंध नाही काय? आहे, पण तो वेगळ्या जातीचा आहे. डिसेंबर १९०७ नंतर जो प्रेक्षक नाट्यगृहात बसला, त्याने कंकाचा प्रत्येक शब्द सुरत मनात ठेवून ऐकला असणार, आणि टिळक मंडालेला गेल्यावर बल्लवाची मूठ त्याला आणखी वेगळी दिसली असणार. लेखकाने घातलेला अर्थ आणि काळाने चढवलेला अर्थ, असे हे दोन थर आहेत. दोन्ही खरे आहेत, पण ते एक नव्हेत. हा भेद ज्या विद्यार्थ्याला करता येतो त्याला रूपक वाचता येते, असे म्हणायला हरकत नाही. आणि याच रीतीने खाडिलकरांचे १९०९ सालचे ‘भाऊबंदकी’ हाती घेतले, तर घरच्या वैराने पेशवाई कशी पोखरली हे दाखवणारे ते नाटक सुरतेनंतर दोन वर्षांच्या आत आले, ही नोंद विद्यार्थी आपण होऊन करील.

याच दोरीला आणखी मागे एक चिठ्ठी लावावी : १८९७. त्या वर्षी जूनमध्ये ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आली. शिवाजी महाराज परत येऊन देशाची अवस्था पाहतात आणि बोलतात, अशी तिची कल्पना होती. टिळकांवर त्या वर्षी राजद्रोहाचा जो खटला झाला आणि दीड वर्षाची शिक्षा झाली, त्यात या कवितेचा आधार घेण्यात आला. म्हणजे इतिहासपुरुषाच्या तोंडून वर्तमानाविषयी बोलणे न्यायालयात टिकत नाही, हे ‘केसरी’च्या मंडळींनी जवळून पाहिले होते. दहा वर्षांनी त्याच वर्तुळातील नाटककार पुराणाकडे वळतो, तेव्हा त्या निवडीमागे हा अनुभव असू शकेल काय? ‘असू शकेल’ हे शब्द येथे मुद्दाम वापरले आहेत. पुरावा आणि अनुमान यांत अंतर असते, आणि ते अंतर भाषेतून दाखवण्याची सवय विद्यार्थ्याला याच वयात लागली पाहिजे.

तिसरा मुद्दा असा की, रूपक कोणी ओळखले, याचाही पुरावा असतो. एखाद्या कृतीत गुप्त अर्थ आहे असे आज कोणीही म्हणू शकते. पण त्या काळच्या माणसांना तो अर्थ खरोखर ऐकू आला होता काय? ‘कीचकवधा’च्या बाबतीत हे दाखवता येते, आणि गमतीची नव्हे तर विचार करण्याजोगी गोष्ट अशी की सर्वांत स्पष्ट साक्ष विरोधकांची आहे. जानेवारी १९१० मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने या नाटकाविषयी मजकूर छापला आणि त्यात रूपकाची उकल जवळजवळ पात्रागणिक केली : नाटकात कर्झनचे नाव कोठेही नाही, तरी प्रेक्षागृहातील प्रत्येकाला कीचक कोण हे ठाऊक आहे, द्रौपदी म्हणजे भारत, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल, आणि दुबळा विराट म्हणजे इंग्लंडातील सरकार, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या भारतातील असंतोषावरील पुस्तकातही हा मजकूर आला. बंदी घालायची तर सरकारलाही मान्य करावे लागणारच होते की हा लंपट, उद्दाम सेनापती म्हणजे आपलाच माणूस. खाडिलकरांना जे उघड लिहिता आले नसते ते भाष्य राज्यकर्त्यांच्या बाजूने लिहिले गेले.

बंदीलाही तारीख आहे. नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा १८७६ पासून हाताशी होता. तरीही नाटक सुमारे तीन वर्षे चालू राहिले. १९१० मध्येच हात का उगारला गेला? दोरीवर एक चिठ्ठी मागे जावे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जॅक्सन यांच्यावर क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा तेथे ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. ‘शारदा’ हे जरठबालाविवाहाविरुद्धचे सामाजिक नाटक. त्याचा या घटनेशी आशयाने काही संबंध नाही. पण त्यानंतर काही आठवड्यांतच ‘कीचकवधा’विषयीची ओरड वाढली, हा क्रम विद्यार्थ्याने स्वतः पाहावा आणि भयभीत सत्ता नाटकाकडे कोणत्या नजरेने पाहू लागते याचा विचार करावा.

चौथा मुद्दा सर्वांत नाजूक आहे, आणि शिक्षकाची खरी कसोटी येथेच लागते. रूपक जेथे जुळते तेथे ते इतिहासावर प्रकाश टाकते. पण जेथे जुळत नाही तेथे ते अधिक शिकवते. मवाळ म्हणजे कंक, एवढ्यावर थांबले तर इतिहासावर अन्याय होतो. डिसेंबर १९०५ मध्ये काशीच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी कर्झनच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली होती. मवाळांचे अग्रणी भर सभेत एवढे कठोर बोलतात, तर त्यांना निव्वळ सोशीक म्हणता येईल काय? रूपक एका पक्षाच्या हातात असते तेव्हा दुसऱ्या पक्षाला मिळणारी भूमिका त्या पक्षाने स्वतः निवडलेली नसते. हे विद्यार्थ्याला सांगणे म्हणजे खाडिलकरांना उणे लेखणे नव्हे. ते त्यांचे नाटक एका प्रामाणिक, धगधगत्या वादातील एक बाजू म्हणून वाचणे होय.

न जुळण्याची दुसरी जागा द्रौपदी आहे. तिचा अपमान म्हणजे देशाचा अपमान, असे म्हटले की प्रेक्षकाचे रक्त तापते. पण वर्गातील एखादी मुलगी विचारील की, द्रौपदीला झालेली इजा ही आधी द्रौपदीची नाही काय? तिचे दुःख देशासाठी उसने घेताना त्या दुःखाचे स्वतःचे मोल कमी होते काय? हा प्रश्न टाळू नये. कीचकाच्या घरी जाण्याची आज्ञा मिळालेली, सभेत दाद मागणारी आणि दाद न मिळालेली कामकरी स्त्री १९०७ मध्येही होती आणि आजही आहे. राजकीय अर्थ कळल्यानंतर मूळ कथेकडे परत येण्याची वाट हाच प्रश्न दाखवतो.

तिसरी जागा नावांच्या साम्याची. कीचक आणि किचनेर हे शब्द कानाला जवळचे वाटतात, आणि लॉर्ड किचनेर त्या काळी भारतात सरसेनापती होतेच. एखादा हुशार विद्यार्थी हे जुळवून दाखवील. त्याचे कौतुक करावे आणि मग विचारावे की, कीचक हे नाव खाडिलकरांनी ठेवले की व्यासांनी? केवळ ध्वनिसाम्यावर अर्थ उभा राहत नाही. त्याला प्रसंगाचा आधार लागतो. रूपक वाचायला शिकवणे जितके आवश्यक आहे, तितकेच जेथे रूपक नाही तेथे ते न पाहायला शिकवणेही आवश्यक आहे.

या ठिकाणी सचिनशी नाते असलेले आणखी एक वर्ष सहज आठवते. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील वारसाने जंजिऱ्यावरील हक्काच्या बदल्यात पेशव्यांशी करार केला आणि त्यातून सचिन संस्थान उभे राहिले ते १७९१ साली. आणि त्याच वर्षी पुण्यात घाशीराम कोतवालाचा जमावाच्या हातून अंत झाला. विजय तेंडुलकर यांचे ‘घाशीराम कोतवाल’ मात्र १९७२ साली रंगभूमीवर आले, आणि ते ऐतिहासिक नाटक नाही असे तेंडुलकरांनी स्वतःच बजावले. मग त्या नाटकाची तारीख कोणती, १७९१ की १९७२? दोन्ही. जी घटना उचलली तिची एक तारीख आणि ज्या काळात ती उचलली त्याची दुसरी. ‘कीचकवधा’त पहिली बाजू पुराणाची असल्याने ती तारखेवाचून आहे, ‘घाशीरामा’त दोन्ही बाजूंना इतिहास आहे, म्हणून ते शिकवायला अधिक अवघड. पहिले आधी घ्यावे आणि दुसरे नंतर, एवढी सूचना येथे पुरे.

आता या साऱ्याचे सार. राजकीय रूपक चार पायऱ्यांनी वाचावे : आधी कथा, मग तारखा, मग त्या काळच्या ऐकणाऱ्यांची साक्ष, आणि शेवटी जुळत नाही त्या जागा. चार पायऱ्यांना चार तास पुरतात. पहिल्या तासाला विराटपर्वाचा भाग मोठ्याने वाचावा. दुसऱ्या तासाला दोरी बांधावी आणि चिठ्ठ्या मुलांनीच लावाव्यात. तिसऱ्या तासाला एक गट सरकारची आणि एक गट नाटकमंडळीची बाजू घेऊन बंदीवर बोलावा. चौथ्या तासाला प्रत्येकाने रूपक कोठे अडते ते स्वतःच्या शब्दांत लिहावे. तक्ता हवाच असेल तर तो अगदी शेवटी यावा, आणि त्यातील बरोबरीच्या प्रत्येक चिन्हापुढे एक प्रश्नचिन्ह असावे.

हे सुरतेतील मराठी मुलांना विशेष साधेल, असा विश्वास बाळगायला जागा आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार येथून यंत्रमागांवर आणि कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबांतील ही मुले घरी अहिराणी बोलतात, महानगरपालिकेच्या शाळेत मराठी वाचतात, बाजारात गुजराती आणि कारखान्याच्या दारात हिंदी ऐकतात. कोणासमोर कोणत्या भाषेत काय बोलावे आणि काय बोलू नये, हे त्यांना लहानपणीच उमगलेले असते. बोललेले आणि सुचवलेले यांतील अंतर ज्यांच्या रोजच्या जगण्यात आहे, त्यांना रूपकाची किल्ली बाहेरून देण्याची गरज नाही. ती त्यांच्या हातात आहे हे दाखवून देण्याची गरज आहे.

स्मृतिव्याख्यान हेसुद्धा एका तारखेला बांधलेले असते, आणि स्मरण म्हणजे त्या तारखेला काय घडले होते हे पुन्हा पाहणे. ‘कीचकवध’ आज कोणाला धोकादायक वाटत नाही. म्हणूनच ते एके काळी का वाटले, हे शिकवावे लागते. वर्गातून बाहेर पडणारा विद्यार्थी कर्झनचे नाव विसरला तरी चालेल. पण पुढे कधी कोणी त्याला जुनी गोष्ट नव्या आवेशाने सांगू लागले, तर तिच्या आवेशात वाहून जाण्याआधी आणि तिच्याकडे पाठ फिरवण्याआधीही त्याने एवढे विचारावे : लेकीला हे आजच का सांगितले जात आहे, आणि पलीकडच्या खोलीत सून कोण आहे?